दोघांचंही लागलं होतं

मी एक जुनी व्हॉलीबॉलची जाळी आहे, मित्रांनो. जुनी आणि अर्धी. अर्धी कशी झाले ते सांगेनच, पण आधीच बजावते, माझ्याकडून गोड गोष्टीची आशा धरू नका. शाळेच्या वहीत जुनी छत्री बोलते, जुना फळा बोलतो आणि शेवटी सगळे हात जोडून म्हणतात की आम्हाला जपा. मला जपून आता कुणाचं भलं होणार नाही. माझ्यासमोर एक लबाडी झाली. ती पाहणाऱ्यांत तोंड नसलेली मी एकटीच होते, आणि तरी बोलायची वेळ माझ्यावरच आली आहे.

माझा जन्म दोरखंडाच्या कारखान्यातला. तिथे जाड दोर यंत्रावर वळले जायचे, पण खेळाच्या जाळ्या बायका हाताने विणायच्या. लांबच लांब बाक, भिंतीला आकडे, प्रत्येकीच्या हातात दोरी गुंडाळलेली लाकडी सुई आणि चौकोन सारखे यावेत म्हणून पंजाएवढी रुंद फळी. त्या बाकावर दोन सख्ख्या बहिणी शेजारी बसायच्या. थोरली कमी बोलायची आणि गाठ अशी आवळायची की दातांनीही सुटू नये. धाकटीची जीभ हातापेक्षा जास्त चालायची, त्यामुळे तिची गाठ किंचित सैल राहायची. मला सुरुवात केली ती थोरलीने. मी निम्मी झाले आणि कारखान्यात संप झाला.

मी एकेचाळीस दिवस आकड्याला अर्धवट लटकत होते. बेचाळिसाव्या दिवशी काही कामगार खाली मान घालून आत आले. ते सगळे कालव्याकाठच्या वस्तीतले होते. टेकडीवरच्या वस्तीतले लोक फाटकाबाहेर उभे राहून त्यांना ‘फितूर’ म्हणून ओरडत होते. आत येणाऱ्यांत धाकटी होती. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला आणि तिला स्वतःला सातवा महिना. तिने नवीन जाळी घेतली नाही. बहिणीच्या जागेवर बसून तिने मलाच पूर्ण केलं. ताईचं काम अर्धं राहू नये, एवढाच तिचा भोळा हिशेब असावा. थोरलीला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, “पाठीत खंजीर खुपसलाच, वर सुईही माझीच वापरली.”

त्यानंतर थोरली टेकडीवर, धाकटी कालव्याकाठी. मध्ये एक छोटा पूल, जो चालत ओलांडायला दोन मिनिटं पुरतात. बारा वर्षं तो दोघींपैकी एकीनेही ओलांडला नाही. कारखान्याने मात्र कुणाचीच बाजू घेतली नाही. दोन वर्षांत त्याने टेकडीवाल्यांना आणि कालव्यावाल्यांना सारख्याच मायेने घरी बसवलं आणि फाटकाला कुलूप लावलं. मी गोदामात एका रिकाम्या पिंपामागे पडून राहिले. उंदरांनी माझी चव घेऊन पाहिली आणि सोडून दिली, यावरून माझ्या दोरीचा दर्जा लक्षात यावा.

मला तिथून बाहेर काढलं ते एका सतरा वर्षांच्या मुलीने. तिच्या गळ्यात सदा शिट्टी असायची, म्हणून सगळे तिला शिट्टीच म्हणत. ती थोरलीची लेक. दोन्ही वस्त्यांतली मुलं एकमेकांवर दगड मारतात, आणि का मारतात ते विचारलं तर त्यांना सांगताही येत नाही, हे तिला बघवेना. तिने ठरवलं की पुलाखालची मोकळी जागा साफ करायची आणि तिथे दोन्हीकडच्या मुलांना एकत्र खेळवायचं. ती शाळांत आणि तालमींत जाऊन जुने चेंडू, जुने बूट मागू लागली. कारखान्याच्या पहारेकरी काकांकडे ती महिनाभर खेटे घालत होती. शेवटी काका वैतागून म्हणाले, पिंपामागे काहीतरी पडलंय, घेऊन जा आणि माझं डोकं खाणं थांबव.

तिने मला घरी नेऊन धुतलं आणि दाराबाहेर वाळत घातलं. तिची आई बाहेर आली, माझ्याजवळ थांबली आणि गाठींवरून बोट फिरवू लागली. आपलं काम तिने लगेच ओळखलं. बोट फिरत फिरत मधोमध आलं आणि तिथे थांबलं. पुढच्या सैल गाठी कुणाच्या, हे तिला कुणी सांगायला नको होतं. ती आत गेली, पण मला फेकून दे असं म्हणाली नाही.

शिट्टीचं डोकं चांगलं होतं, हे मी आजही मान्य करते. तिने तीन नियम केले. पहिला, वस्तीनुसार संघ करायचे नाहीत. एका डब्यात सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या, रोज नव्याने काढायच्या, आणि प्रत्येक संघात तिघे इकडचे, तिघे तिकडचे. दुसरा, मला बांधताना टेकडीकडच्या खांबाला कालव्याच्या मुलांनी गाठ मारायची आणि कालव्याकडच्या खांबाला टेकडीच्या मुलांनी. तिसरा नियम माझ्याबद्दलच होता. व्हॉलीबॉलमध्ये जाळीला अंग लागलं की चूक धरतात. शिट्टीने पंच ठेवलाच नाही. ज्याचं लागलं त्याने स्वतः हात वर करून म्हणायचं, “लागलं.” दोघांचं लागलं असेल तर दोघांनी हात वर करायचे आणि तो डाव पुन्हा खेळायचा.

पहिला आठवडा कुणाचंच कधी लागत नसे. मी जागच्या जागी थरथरत असायचे आणि दोन्हीकडचे साळसूद चेहरे करून आकाशातले ढग मोजायचे. मग एक दिवस कालव्याकडच्या एका उंच मुलीने हात वर केला. नुसतं बोट लागलं होतं, ते माझ्याशिवाय कुणालाही कळलं नसतं. ही शिडी. धाकटीची लेक, संपाच्या वेळी आईच्या पोटात होती ती. तिच्या समोर बेडूक होता. तो शिट्टीचा धाकटा भाऊ, जमिनीवर टिकत नसे म्हणून बेडूक. शिडीचा हात बघून त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानेही हात वर केला. “माझंही लागलं,” तो म्हणाला आणि दोघं हसत सुटले. आपण मावसभावंडं आहोत हे दोघांना माहीत होतं, पण त्या दिवसापर्यंत ती एकमेकांशी बोललीच नव्हती.

त्यानंतर हात वर करण्याची साथच आली म्हणा ना. कुणाच्या सदऱ्याची बाही लागली तरी हात वर. एक लहानगा तर माझ्यापासून चार पावलं लांब उभा राहून “लागलं” म्हणायचा, कारण त्याला ते म्हणायला आवडायचं. माझ्या आयुष्यातले तेच चांगले दिवस. दीड वर्ष एकही दगड पुलावरून गेला नाही.

आणि मग आया येऊ लागल्या. मैदानाच्या कडेला एक लांब बाक होता. धाकटी एक दिवस त्याच्या या टोकाला येऊन बसली. चार दिवसांनी थोरली त्या टोकाला बसली. बाकाच्या मधल्या जागेत बसायची कुणाची टाप नव्हती. शिट्टी रोज खेळ सोडून त्या मधल्या जागेकडे बघायची. तिचा सगळा खटाटोप चालला होता तो त्यासाठीच. आईने आणि मावशीने एकदा बोलावं, एवढंच तिला हवं होतं. दोघी हळूहळू सरकत होत्या. एकदा चेंडू धाकटीच्या पायाशी आला, तिने तो उचलून थोरलीकडे दिला आणि थोरलीने तो घेतला. बोलणं झालं नाही. पण शिट्टी त्या दिवशी घरी जाताना उड्या मारत गेली.

चांगल्याला दृष्ट लागते म्हणतात. आमच्याकडे दृष्ट मोठी गाडी घेऊन आली. तरुणांच्या समाजकार्याला मदत करणारी कुठलीशी संस्था होती, तिचे साहेब आणि एक मॅडम आल्या. त्यांनी शिट्टीची पाठ थोपटली, मुलांचे फोटो काढले आणि जाहीर केलं की मोठा सामना घेऊ. त्याला नावही त्यांनीच दिलं, शांतता करंडक. मुलांना एकसारखे गणवेश मिळणार, मंच उभा राहणार, बाहेरून पंच येणार. शिट्टी भारावून गेली. अठराव्या वर्षी कुणी कौतुकाने नावाने हाक मारली की माणूस भारावतोच, त्याबद्दल मी तिला बोल लावत नाही.

गणवेशांचे दोन गठ्ठे सामन्याच्या आदल्या दिवशी सकाळी आले. एक निळा, एक पिवळा. चालकाने विचारलं, कुठे उतरवू? मॅडमना वाटलं, मुलांना चालत यायला नको. म्हणून त्यांनी निळा गठ्ठा टेकडीवर पाठवला आणि पिवळा कालव्याकडे. एवढीच चूक. दुष्टपणा कुणाचाच नव्हता, फक्त सोय पाहिली. शिट्टी कॉलेजातून येईपर्यंत टेकडी निळी झाली होती आणि कालवा पिवळा. ती दारोदार फिरली, उद्या चिठ्ठ्या काढायच्या आहेत, कपडे परत द्या म्हणून. पण अंगावरचं नवं कोरं कापड कोण उतरवून देतो? तिने मॅडमना फोन केला. मॅडम म्हणाल्या, “अगं, उलट छानच झालं. इकडचे आणि तिकडचे समोरासमोर, आणि शेवटी हातात हात. बघणाऱ्याला गोष्ट लगेच कळेल.”

शिट्टी “बरं” म्हणाली. त्या एका ‘बरं’ने तिने स्वतःचं दीड वर्षाचं काम मोडून टाकलं.

सामन्याला दोन्ही वस्त्या लोटल्या. यापूर्वी मुलांच्या खेळाकडे ढुंकून न पाहिलेले बाप्येही आले, आणि ते बरोबर दोन बाजूंना बसले, निळ्यांचे निळ्यांकडे, पिवळ्यांचे पिवळ्यांकडे. मला मंचवाल्यांच्या माणसांनी तारेने बांधलं. मुलांनी गाठी मारायच्या असतात हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. शिट्टीला साहेबांशेजारी खुर्ची मिळाली. फक्त त्या दोघी आपल्या बाकावर होत्या, आणि आज त्यांच्यामध्ये वीतभरही जागा नव्हती. गर्दीच इतकी होती म्हणा, पण खांद्याला खांदा लागला होता आणि कुणीच तो काढून घेत नव्हतं.

सामना रंगला. निळे चोवीस, पिवळे तेवीस. एक गुण आणि करंडक टेकडीचा. चेंडू उंच उडाला. शिडी अलीकडून उडाली, बेडूक पलीकडून. शिडीने फटका मारला, बेडकाच्या हातांना घासून चेंडू निळ्यांच्या हद्दीत आत पडला. पंच चेंडू कुठे पडला ते पाहत होते, आणि तो आत पडल्यामुळे गुण पिवळ्यांचा होत होता. चोवीस-चोवीस.

पण मला लागलं होतं. आधी बेडकाचं कोपर, चांगलं दणकून, आणि लगेच शिडीची बोटं. दोघांचंही लागलं होतं.

शिडीने हात वर केला. तिने विचारही केला नसेल, दीड वर्षाची सवय होती. “लागलं,” ती म्हणाली आणि हसून बेडकाकडे पाहू लागली, कारण आता तो हात वर करणार होता आणि डाव पुन्हा होणार होता. बेडकाचा हात कमरेपर्यंत आला. मग त्याने मागे पाहिलं. मागे सगळी टेकडी उभी राहून ओरडत होती आणि त्याचा बाप सगळ्यांत पुढे होता. बेडकाने तो हात कमरेवरच ठेवला.

पंचांनी शिडीचा हात पाहिला आणि गुण निळ्यांना दिला. सामना संपला. मंचावर टाळ्या सुरू झाल्या. साहेब म्हणाले, केवढा प्रामाणिकपणा. आणि पिवळ्यांच्या बाजूने त्यांच्याच वस्तीतला एक दुकानदार धावत आत आला. शिडीचा हात अजून वरच होता. त्याने तो धरून खाली ओढला आणि पिरगाळला. “फितूर,” तो म्हणाला. ज्या शब्दाने ती वस्ती बारा-तेरा वर्षं जळत होती, तो शब्द त्यांनी आपल्याच पोरीला दिला. तिचं मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला.

बाकावर धाकटी उठून उभी राहिली. बारा-तेरा वर्षांत ती बहिणीशी पहिल्यांदा बोलली.

“ताई, बेडकाचंही लागलं. तू पाहिलंस. सांग त्यांना.”

थोरलीने पाहिलं होतं. मी बाकाच्या समोरच होते, तिची नजर कुठे होती ते मला ठाऊक आहे. जिच्या हातून माझ्या निम्म्या गाठी झाल्या, तिला मी कुठून हलले ते कळणार नाही? तिने एकदा आपल्या मुलाकडे पाहिलं, एकदा त्याला खांद्यावर घेऊन नाचणाऱ्या टेकडीकडे पाहिलं.

“मला इथून नीट दिसलं नाही,” ती म्हणाली.

धाकटीने मग मंचाकडे पाहिलं. शिट्टी खुर्चीतून उठली होती. गळ्यातली शिट्टी तिच्या ओठांशी होती. एक फुंकर मारली असती तर सामना थांबला असता, भाऊ खाली उतरला असता, डाव पुन्हा झाला असता. साहेबांनी तिच्या हातात करंडक ठेवला आणि फोटोसाठी हसायला सांगितलं. ती हसली.

पुढचं सांगण्यासारखं नाही. खांब उपटले गेले, डोकी फुटली, पोलीस आले. साहेबांची गाडी सगळ्यांत आधी निघाली. आठवड्याभराने दोन्ही वस्त्यांतले जाणते बसले आणि सामानाची वाटणी झाली. चेंडू निम्मे, बूट निम्मे, खांब एकेक. राहिले मी. कुणीतरी विळा आणला आणि माझे मधोमध दोन तुकडे केले. सगळ्यांना ते अगदी न्यायाचं वाटलं. अर्ध्या जाळीवर काय खेळणार, हे विचारायला तिथे एकही मूल नव्हतं.

गंमत अशी, की विळा जिथून गेला तिथेच थोरलीच्या गाठी संपत होत्या. मी म्हणजे धाकटीने विणलेला तुकडा, आणि मी धाकटीच्याच अंगणात आले. माझ्यावर शेंगांचा वेल चढवला आहे. सैल गाठींमधून कोंब सहज वर जातात. शिडीचं मनगट वाकडं जुळलं. ती खेळत नाही. वेलाला पाणी घालते, तेही डाव्या हाताने.

वर्षभराने एका दुपारी शिट्टी पूल ओलांडून आली. गळ्यात शिट्टी नव्हती. हातात एक मोठा गुंडाळलेला कागद होता. तिने तो उलगडला. त्यावर शिडी होती, हात उंच वर केलेली, तोंडभर हसणारी. दुकानदार येण्याआधीच्या क्षणाचा फोटो. खाली संस्थेचं नाव आणि शांततेबद्दल काहीबाही. शिट्टीने सांगितलं की या कामाबद्दल संस्था तिचा सत्कार करते आहे, पुढच्या शिक्षणाची सोयही करते आहे, आणि त्यांना शिडी मंचावर हवी आहे. रविवारी सकाळी न्यायला गाडी येईल.

शिडीने विचारलं, “बेडूक येणार आहे?”

“नाही. तो फोटोत पाठमोरा आहे.” मग शिट्टीने माझ्या चौकोनात बोट अडकवलं. “त्याचंही लागलं होतं. मी पाहिलं होतं गं.”

“मला माहितीये.”

“मला झोप लागत नाही.”

शिडी म्हणाली, “मी येते. पण हे तू तिथे सांगायचंस. माइकवर. सगळ्यांसमोर, तुझ्या आईसमोर.”

शिट्टीने मान हलवली. हो म्हणून की बघते म्हणून, ते मला कळलं नाही. शिडीला मात्र ते ‘हो’ वाटलं.

रविवारी शिडी पहाटेच उठली. तिने चांगले कपडे घातले, धाकटीने तिची वेणी घातली, कारण एका हाताने तिला ती घालता येत नाही. मग धाकटीनेही ठेवणीतली साडी नेसली. तीही जाणार होती, बहीण ऐकताना तिचा चेहरा बघायला. दोघी माझ्यासमोर पायरीवर बसल्या. पुलावरून कुणाचीतरी गाडी आली आणि पुढे निघून गेली. नंतर दुधाची गाडी आली. ऊन पायरीवर आलं तेव्हा त्या सावलीत सरकल्या. बारा वाजले, एक वाजला. न्यायला कुणी आलं नाही. धाकटी आत गेली आणि साडी बदलून कामाला लागली. शिडी अजून रस्त्याकडे बघत बसली होती. तीनच्या सुमाराला ती उठली, वेणी सोडली आणि माझ्यावरच्या शेंगा तोडायला लागली.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मी दोरी आहे, कुजेन आणि संपेन. पण तुमच्यापैकी कुणाचं कधी लागलं असेल आणि हात कमरेवर राहिला असेल, तर तो आज वर करा. समोरच्याने आपला केव्हाच वर केला आहे, आणि खाली ओढला जाईपर्यंत तो तुमच्याकडेच बघत असतो. तेवढं जमणार नसेल, तर कृपा करून कुणाच्या मुलांना शांतता शिकवायला जाऊ नका.